आडव्या दाराची तळटीप

असोदा, ता. जि. जळगाव
९ फेब्रुवारी २०२५

ती. नाना यांस,
दिपमालाचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. एकतीस वर्षं तुम्ही लोकांच्या दारी कागद नेलेत, त्यामुळे तुमच्या दारी कागद आला की तुम्हाला कसंतरी होतं, असं मोठी आई सांगते. हा कागद कामाचा आहे.

माझं कायद्याचं शेवटचं सत्र चालू आहे. लेकीचे पेपर सुटले की पदवी मिळाली, असं भाऊंना वाटतं. पण दोन क्रेडिट अजून कमी आहेत. आता पेपरांखेरीज दुसरं कामही पदवीत धरतात, त्याचं हे माप. ही दोन क्रेडिट मी आमच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या कायद्याच्या नियतकालिकात काम करून मिळवणार आहे. त्यासाठी साठ तास संपादनाचं काम करायचं आणि स्वतःचा एक लेख लिहायचा. तपासनिसाने मान्य केलेला तो लेख एप्रिलअखेर छपाईला गेला पाहिजे. साठ तास झालेत. दुसऱ्यांच्या तळटिपा तपासून तपासून आता मला जेवणाच्या ताटाखालीही बारीक अक्षरं दिसतात. लेख तेवढा बाकी आहे.

तो हुकला तर पदवी पुढच्या वर्षावर गेली. आणि भाऊंनी भलतीच घाई केलीय. गावात पेंटर आला होता, परत कधी येईल सांगता येत नाही, म्हणून फाटकावर 'ॲड. दिपमाला' अशी पाटी रंगवून घेतली. मी आरडाओरडा केल्यावर तिच्यावर खताची गोणी बांधली. आता येणारा-जाणारा गोणी उचलून वाचतो.

लेखाचा विषय आहे समन्सची बजावणी. कायदा म्हणतो की प्रतिवादी सापडत नसेल किंवा समन्स घेत नसेल, तर बेलीफाने प्रत त्याच्या घराच्या दर्शनी दारावर चिकटवावी आणि तसा अहवाल कोर्टाला द्यावा. पुस्तकात हे एवढंच आहे. प्रत्यक्षात कसं होतं, हे एरंडोल-पारोळ्याच्या कोर्टांत तुमच्याइतकं कोणी पाहिलंय? तुमच्या खिशातल्या डायऱ्यांतल्या नोंदी मला लिहून पाठवा. फोनवर सांगू नका. आमचा भूषण म्हणून एक सहसंपादक आहे, तो माझ्या तळटिपा तपासणार. बोललेलं तो धरत नाही, लिहिलेलंच धरतो.

तुमची
दिपमाला


धुळे
१४ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे

चि. दिपमाला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमनने ते खिडकीतून आत टाकलं. मी त्याला परत बोलावून पत्र माझ्या हातात द्यायला लावलं. तो म्हणाला, "नाना, पत्रच आहे ना." मी म्हणालो, "म्हणूनच."

तुझा भूषण मला पसंत आहे. फोनवर बोललेलं हवेत जातं.

एकतीस डायऱ्या काढल्या आहेत. त्यातल्या तेरा-चौदा नोंदी उतरवून सोबत जोडतो. दोन-तीन इथेच सांगतो.

पारोळ्याचा एक प्रतिवादी मला बघून बायकोचं लुगडं नेसून चुलीपुढे बसला. मी म्हणालो, "बाई, मालक आले की हे द्या. आणि मिशा जाळाजवळ नेऊ नका." त्याने मुकाट्याने सही केली.

दुसरा एकजण मेला. म्हणजे मी वाड्याशी पोचलो तेव्हा तो नाकात कापूस घालून ओसरीवर आडवा होता आणि भोवती बायका रडत होत्या. मीही टोपी काढून बसलो. दोन तास बसलो. बायका दमल्या. एकीने दुसरीला हळूच विचारलं, "आते काय करानं?" तेवढ्यात मयताला शिंक आली. मी म्हणालो, "शतायुषी व्हा," आणि समन्स दिलं.

२६ एप्रिल १९९४ ची नोंद तुझ्या लेखाला सगळ्यात सरळ. एरंडोल तालुका, पद्मालयाच्या रस्त्यावरचं गाव. 'प्रतिवादी मिळून आला नाही. दर्शनी दारावर प्रत चिकटवली. दोन पंच हजर.' त्यात आणखी सांगण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र लेखात घाल. एकतीस वर्षांत माझा एकही अहवाल कोर्टाने खोटा म्हणून परत केला नाही. आणि ज्याला समन्स बजावलं त्याच्या घरचं मी पाणीसुद्धा प्यायलो नाही. रिटायर झालो त्या दिवशी जज्जसाहेबांनी भाषणात हे दोन वेळा सांगितलं होतं.

नाना


असोदा
११ मार्च २०२५

ती. नाना,

लेख लिहिला, दिला. सारिका मॅडम, म्हणजे नियतकालिकाच्या मार्गदर्शक प्राध्यापिका, मेल्याची शिंक वाचून एवढ्या हसल्या की शेजारच्या वर्गातून कुणीतरी दार लावून घेतलं. तुमचं भाषणातलं वाक्यही घातलंय.

आता अडचण ऐका. आमच्याकडे लेख बाहेरच्या एका जाणकाराकडे तपासायला जातो. लेख कोणाचा हे त्याला सांगत नाहीत आणि तपासनीस कोण हे मला सांगत नाहीत. म्हणजे ओळखीपाळखीवर काही ठरत नाही. माझ्या तपासनिसाचा अभिप्राय आला. तेरा तळटिपा ठीक. चौदावीवर हे लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते:

'लेखात गावाचे नाव नाही, परंतु तारीख व तालुका यांवरून प्रसंग ओळखू येतो. त्या दिवशी त्या घराला दार नव्हते. नसलेल्या दारावर समन्स कसे चिकटवले? बेलीफाची ही नोंद खोटी असेल तर त्याच्या इतर नोंदींवर विश्वास का ठेवावा? पुरावा द्यावा, अन्यथा लेख नाकारावा.'

नाना, घराला दार नव्हतं म्हणजे काय? नवं घर बांधत होते का? दोन ओळींत कळवा. एक तळटीप गेली तर बाकीच्या तेराही जातात. आणि भाऊंनी आता गोणीवरून प्लास्टिक बांधलंय, पाटीचा रंग उडू नये म्हणून.

दिपमाला


धुळे
१५ मार्च २०२५, सकाळी ६ वाजून ५ मिनिटे

चि. दिपमाला,

दार होतं.

मी खोटी नोंद केली असं म्हणणारा हा कोण? ज्याला नाव लावायची हिंमत नाही त्याला आमच्या कोर्टात निनावी अर्जदार म्हणायचे, आणि त्याचा अर्ज टोपलीत जायचा. तुमच्या कॉलेजात त्याला जाणकार म्हणतात.

त्या दिवशी त्या घरी हजर असल्याशिवाय कोणी असं लिहिणार नाही. म्हणजे तो त्या गावचा, नाहीतर पाहुणा. एवढं मला पुरे. मी माणूस शोधून काढीन आणि तुझं उत्तर त्याच्या हातात देऊन सही घेईन. नाही घेतलं तर त्याच्या दारावर चिकटवीन. एकतीस वर्षांत मला कोणी चुकला नाही, हा काय चुकणार?

नाना

ता. क. — दिपू, मी मोठी आई. दोन दिवस झाले, हे यादी करत बसलेत. पहिलं नाव खोडलं, दुसरं लिहिलं, असं चाललंय. जेवताना मधेच हात थांबवतात. काल बाजारात गेले तर ओळखीचा एक माणूस यांना बघून भाजीच्या गाडीखाली शिरला. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी लोक यांना बघून पळतात. तूच काहीतरी लिही. — इंदिरा


असोदा
१८ मार्च २०२५

ती. नाना,

स्पीड पोस्टाने पाठवतेय. तुम्ही कोणालाही शोधू नका!

नियम असा आहे की तपासनिसाचं नाव लेखकाला किंवा लेखकाच्या माणसाला कळलं, तर लेख बाद. साठ तासही बाद. मागच्या वर्षी एका मुलाने तपासनिसाला दिवाळीचा फराळ पाठवला, त्याचं सत्र गेलं. तुम्ही तर दारावर चिकटवायला निघालात!

यादी फाडा. मोठ्या आईला फाडायला सांगा.

पुरावा आपल्याला वेगळ्या रस्त्याने द्यायचाय. भूषणचा नियम असा, की तळटिपेत ज्याचा आधार दिलाय ते मूळ साधन तो स्वतः डोळ्यांनी बघतो. मगच सही. त्याच्यापुढे काही चालत नाही. एका लेखात बाजार समितीच्या वजनकाट्याबद्दल टीप होती, तर हा जाऊन त्या काट्यावर उभा राहिला आणि पावती घेऊन आला. तेव्हा मूळ साधन पाठवा. म्हणजे तुमची १९९४ ची डायरी. बाकी काही करू नका.

दिपमाला


धुळे
२९ मार्च २०२५, रात्री ८

चि. दिपमाला,

तुझा हुकूम पाळला. यादी फाडली. माणूस शोधला नाही. फक्त दार शोधलं.

मंगळवारी एसटीने एरंडोल, तिथून रिक्षाने त्या गावी गेलो. प्रतिवादीचं नाव ज्ञानेश्वर आबा. आता शहात्तर वर्षांचे. ओट्यावर बसले होते. मला लांबून बघितलं आणि उठले. मी हाक मारेपर्यंत कडब्याच्या गंजीत शिरले. या वयात! बाहेर नुसते पाय.

मी म्हणालो, "आबा, बाहेर या."

आतून आवाज आला, "आबा घर नहीत."

"पाय कोणाचे आहेत?"

"पाय बी घर नहीत."

मी त्यांना समजावलं की मी रिटायर झालोय. त्यांनी विचारलं, "मंग आते कोनता दावा शे?" कोणताच नाही, म्हटलं. बांधाचा तो जुना दावा कधीच मिटला आणि ज्या चुलतभावाने तो लावला होता तोच आता त्यांच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. तोही मला बघून उठायला लागला होता.

शेवटी आबा बाहेर आले. अंगभर कडबा. मी दाराचं विचारलं. तेच दार अजून चौकटीत आहे, सागाचं, एका फळीचं. मी त्यांना तुझी अडचण सांगितली. पोरीचं वर्ष जाईल म्हटल्यावर म्हातारा विरघळला. डायरीत दाराबद्दल एकच ओळ आहे. खरं मूळ साधन म्हणजे दार. सबब १ एप्रिलला सकाळी छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, घालून ते तुझ्या कॉलेजात आणतो. भूषणला डोळ्यांनी बघू दे.

नाना


असोदा
४ एप्रिल २०२५

ती. नाना,

तुमचं पत्र मला दोन तारखेला मिळालं. दार एक तारखेलाच आलं.

तुम्ही तिथे होतात, तरी काय झालं ते माझ्या बाजूने सांगते. तुम्हाला फक्त दार दिसत होतं. मी वर्गात होते. शिपाई येऊन म्हणाला, "मॅडम, दिपमाला ताईंचं दार आलंय." सर्वांना आधी एप्रिल फूल वाटलं. खाली आले तर छोट्या हत्तीत दार, दारावर मांडी घालून ज्ञानेश्वर आबा, आणि बाजूला टोपी घालून ताठ उभे तुम्ही. वॉचमन विचारत होता, "कुठल्या ऑफिसचं?" आबा म्हणत होते, "मना घरनं. दार जाई तठे मी जासू. घर उघडं पडनं शे, आते कुत्रा शिरी."

भूषण मात्र हसला नाही. टेप आणली. लांबी, रुंदी, बिजागऱ्या तीन, कडी एक. दार हाताने वाजवून पाहिलं. मग तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'मूळ साधन पाहिले. दार आहे.' आणि सही केली. मला वाटलं, सुटलो!

तुम्ही सारिका मॅडमशी बोलत होतात तेव्हा आबा माझ्याजवळ आले. म्हणाले, "तू बी वकील व्हसी का? चांगलं शे. मनी धाकली पोर बी वकील शे. त्या लगीनमां तीच ते..." एवढ्यात तुम्ही धावत येऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवलात. सगळ्या कॉलेजसमोर! आबांनी तुमच्या बोटांच्या फटीतून मला सांगितलं, "तुना नानाले इचार, बट्टी कशी व्हती."

कोणती बट्टी, नाना?

मी हे विचारतेय, कारण काल तपासनिसाचा दुसरा अभिप्राय आला: 'घराला दार आहे याबद्दल वाद नव्हताच. त्या दिवशी ते चौकटीत नव्हते, एवढेच म्हणणे होते. ते कोठे होते आणि बेलीफाला ते कसे माहीत, याचा स्वतः बेलीफाने लेखी जबाब द्यावा.' सारिका मॅडम म्हणाल्या की हे रास्त आहे. जबाब आला तर लेख जाईल, नाही आला तर त्या काही करू शकत नाहीत.

तुम्ही लग्नघरी जेवलात का? त्या दिवशी तिथे लग्न होतं हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत. आणि लेखात मी तुमचं पाण्याचं वाक्य घालून बसलेय. म्हणूनच आबांचं तोंड दाबलंत ना?

वाट पाहते.

दिपमाला


धुळे
१६ एप्रिल २०२५

चि. दिपू,

हे लिहायला बसतात आणि फाडतात. काल कचऱ्याची बादली कागदांनी भरली. मी एक तुकडा वाचला. त्यावर 'मी खाली सही करणार' एवढंच होतं. खाली सही नव्हती.

मी म्हटलं, अहो, जेवलात तर जेवलात. लग्नात माणूस जेवणार नाही तर काय करणार? तर म्हणाले, "इंदिरा, जज्जसाहेबांनी दोन वेळा सांगितलं होतं." मी म्हटलं, जज्जसाहेब त्या दिवशी आपल्याकडे जेवूनच गेले होते. त्यावर आणखी एक कागद फाडला.

पोरीचं वर्ष जाईल, एवढं मी रोज सकाळी एकदा म्हणते. जास्त म्हणत नाही. लोखंड तापायला वेळ लागतो. तू धीर सोडू नकोस. पाटीवरचं प्लास्टिक काढ, उन्हाने रंगाला फोड येतील.

तुझी मोठी आई
इंदिरा


धुळे
२० एप्रिल २०२५, दुपारी २ वाजता

चि. दिपमाला,

खालील जबाब तपासनीस साहेबांना द्यावा. मी तो पूर्ण शुद्धीवर आणि इंदिराबाईसमक्ष लिहीत आहे.

जबाब

मी पितांबर, वय ६७, निवृत्त बेलीफ, राहणार धुळे. खरं सांगतो.

दिनांक २६ एप्रिल १९९४ रोजी सकाळी ११ वाजता मी प्रतिवादीच्या घरी पोचलो. मांडव घातलेला होता. प्रतिवादीच्या थोरल्या मुलीचं, रूपाचं, लग्न होतं. मला बघताच प्रतिवादी दिसेनासा झाला. वाट पाहिली. नाव पुकारलं. आला नाही.

मी प्रत चिकटवायला दर्शनी दाराशी गेलो, तर चौकट रिकामी. दार बिजागऱ्यांवरून उचलून मांडवात नेलं होतं. तेलाच्या चार डब्यांवर ते आडवं टाकलं होतं आणि त्याच्यावर कणकेच्या वाफाळणाऱ्या बट्ट्या रचल्या होत्या. एवढी मोठी फळी घरात दुसरी नव्हती.

भिंतीवर चिकटवावं तर भिंत नुकती सारवलेली, ओली, खळ धरेना. मी विचार केला. कायदा म्हणतो, दर्शनी दार. ते उभं असलं पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मी बट्ट्या एका अंगाला सारल्या आणि मोकळ्या झालेल्या जागी समन्स चिकटवलं. एका पंचाने सही केली. दुसऱ्याचा अंगठा घेतला, तो तुपाचा उमटला. बजावणी पूर्ण झाली. माझी नोंद खरी होती आणि खरी आहे.

पुढचं मी नोंदवलं नव्हतं.

प्रतिवादी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढून आडवा पडला होता. खाली मुहूर्त टळत होता. नवरदेवाच्या बाजूचे उठायला लागले होते. भटजी घड्याळ वर करून दाखवत होते. मी ओरडून सांगितलं, "आबा, बजावणी झाली, आता तुम्हाला काही करत नाही!" त्यांना वाटलं, ही युक्ती. तेव्हा प्रतिवादीची पत्नी तानुबाई हात जोडून म्हणाली, "भाऊ, तुम्ही जेवाले बठा. जो आठे जेवस तो पाव्हना व्हस. तुमले जेवतांना दखतीन ते त्या खाले उतरतीन."

मी सांगितलं की मी पाणीही पीत नाही. ती म्हणाली, "मंग पोरनं लगीन तुमीच मोडा."

पंगत भरलेली होती. मला त्या दारापाशीच पाट दिला. वांग्याची भाजी, वरण, बट्टी. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी वाढत होती. मी पहिला घास घेतला तसं धाब्यावरून एक डोकं दिसलं. दुसऱ्या बट्टीला दोन्ही हात दिसले. तिसरी संपली तेव्हा प्रतिवादी मांडवात उभा होता आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

मी तीन बट्ट्या खाल्ल्या. त्याआधी आणि त्यानंतर एकतीस वर्षांत कोणत्याही पक्षकाराच्या घरचं मी काही घेतलं नाही. लेखातलं पाण्याचं वाक्य काढून टाकावं, किंवा त्याला ही तळटीप द्यावी.

लिहून दिला जबाब. सही.

दिपू, पोस्टात टाकायला मी स्वतः जातोय. मोठी आई सोबत येतेय. म्हणते, पेटीशी जाऊन परत फिरलात तर?

नाना


असोदा
२६ एप्रिल २०२५

ती. नाना,

आज बरोबर एकतीस वर्षं झाली त्या लग्नाला. ही तारीख मी ठरवून लिहिलेली नाही.

तुमचा जबाब सारिका मॅडमनी उभ्याने वाचला, मग बसून वाचला. भूषणने तो पुराव्याच्या फायलीत लावला आणि पहिल्यांदाच मला म्हणाला, "तुझं साधन चांगलं आहे." त्याच्या तोंडून ही फार मोठी गोष्ट आहे.

मी लेखाचा शेवट बदललाय. आता तो त्या आडव्या दारावरच उभा आहे. दार जागेवर नसेल तर ते 'दर्शनी' राहतं का? ज्या दिवशी अख्खं गाव त्याच्याभोवती जेवत होतं, त्या दिवशी त्याच्याइतकं दर्शनी गावात दुसरं काय होतं? मॅडम म्हणाल्या, हा मुद्दा आतापर्यंत कोणत्याही पुस्तकात त्यांच्या वाचनात आलेला नाही.

काल तपासनिसाचा शेवटचा अभिप्राय आला:

'पूर्ण समाधान झाले. लेख स्वीकारावा. एकच वस्तुस्थितीची दुरुस्ती. बट्ट्या तीन नव्हत्या. सात होत्या. साक्षीदाराची लेखी संमती घेऊन आकडा दुरुस्त करावा.'

नाना, मी काही विचारत नाही. हा आकडा कोणाला कसा ठाऊक, याचा मी विचारसुद्धा करत नाही. नियमच तसा आहे. पण तीस तारखेला फाईल छपाईला जाते आणि तुमची संमती जोडल्याशिवाय मॅडम क्रेडिटच्या कागदावर सही करणार नाहीत. तीनच खाल्ल्या असतील तर तसं लिहा, मी भांडेन. पत्र पोस्टात टाकू नका. भाऊ उद्या हे पत्र घेऊन धुळ्याला येतायत, त्यांच्याच हाती द्या. तुम्हाला हातात दिलेलंच आवडतं.

दिपमाला


धुळे
२७ एप्रिल २०२५, दुपारी १२ वाजून ४० मिनिटे

चि. दिपमाला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बापाने हातात दिलं. मी सही करून घेतलं. तो आता मोठ्या आईपाशी बसून पाटीच्या रंगाचं बोलतोय.

तुझा एक गैरसमज दूर करतो. कॉलेजात आबांच्या तोंडावर मी हात ठेवला तो बट्ट्यांसाठी नव्हता. ते एक नाव सांगणार होते आणि ते नाव तुझ्या कानावर पडायला नको होतं. माझ्या कानावर टेम्पोतच पडलं होतं, पण आबांनी ते सहज सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्या नावाचा या सगळ्याशी काही संबंध आहे की नाही, हे मला माहीत नाही आणि मी कोणाला विचारणारही नाही. हे इथेच संपलं. हा कागद वाचून झाला की एवढा परिच्छेद कापून चुलीत घाल, म्हणजे भूषणला सापडायला नको.

आता संमती. ती वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहे, पंच म्हणून तुझ्या बापाची सही घेतली आहे. त्यातला मजकूर असा:

'आकडा सात मान्य आहे. खाणाऱ्यापेक्षा वाढणाऱ्याची मोजणी पक्की असते. खुलासा एवढाच, की पहिल्या तीन बट्ट्या मी लग्न लागावं म्हणून खाल्ल्या. पुढच्या चार वेळी प्रतिवादी खाली उतरलेला होता, मुहूर्त साधला होता आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नव्हता. त्या चार मी माझ्या स्वतःच्या जबाबदारीवर खाल्ल्या. तूप चांगलं होतं.'

नाना